दहाची बादली

१२ मे

आर्नोश्त,

झऱ्यांच्या आरोग्यधामात पोहोचलो. खुब्यातलं नवं लोखंड अजून कुरकुर करतंय, आणि इथल्या लोकांनी मला सकाळी सातपासून निरनिराळ्या पाण्यांत बुडवायचा सपाटा लावलाय. चौऱ्याहत्तर वर्षांत माझी एवढी अंघोळ झाली नव्हती.

फोन करू नकोस. माझे कान खुब्याच्या आधीच कामातून गेलेत. तू 'सात' म्हणालास की मला 'आठ' ऐकू येतं, आणि या कामात आकडा चुकला की मासा मेला. म्हणून सगळं कागदावर. निघताना सगळं सांगितलं होतं, पण तेव्हा तू सॉसेज खात होतास आणि नुसती मान हलवत होतास. ती मान मी तुझ्या ताईच्या लग्नापासून ओळखतो.

तर नीट वाच. थोरल्या टाकीतल्या माशांची काळजी नको, ते सूपमध्येही जगतील. जपायचं ते छोट्या टाकीतल्या पिल्लांना. त्यांना जड पाणी सोसत नाही, आणि आपल्या वापेन्काच्या नळाला पाणी कसलं, पातळ केलेला चुना येतो. तुझ्या किटलीत बघ, म्हणजे कळेल. त्यात वर क्लोरिन. म्हणून नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवून शिळं करायचं. मागच्या बागेतल्या पिंपात पावसाचं पाणी आहे. त्याचे पाच पेले आणि शिळ्याचा एक, असं मिसळून रोज सकाळी एक पेला जुनं काढायचं, एक पेला नवं घालायचं.

घालण्याआधी मोजायचं. नळीत खुणेपर्यंत पाणी घे. छोट्या बाटलीतला एक थेंब टाक, हलव. पाणी तांबडं होईल. दुसरा थेंब, हलव. असं करत तांबड्याचं हिरवं झालं की थांब. जितके थेंब तितका जडपणा. पिल्लांच्या पाण्याला चार. पाचाला मी डोळेझाक करीन, सहाला नाही.

आता माझ्या पोरीशी, यित्काशी झालेला करार, तोही परत लिहितो. पिल्लं साठ आहेत. मोजून साठ. मी येईपर्यंत निम्मी जगली तर मी वापेन्कात, माझ्या घरात राहीन. नाही जगली तर घर विकायच्या कागदांवर सही करून ब्रनोला यित्काकडे जाईन. पोरगी चांगली आहे, पण तिच्याकडे मला मिळणारी खोली ही सध्या इस्त्रीची खोली आहे, आणि त्यात टाकी मावत नाही. बादल्या उचलणं तुम्हाला झेपत नाही, असं ती म्हणते. तेही मी कुबड्यांवर उभा असताना. हे मासे तुझ्या ताईचे, माझ्या हेडविकाचे. ती गेल्यावर माझ्या हातूनही संपले, तर त्या घरात मी कशाला बसू?

तेव्हा आर्नोश्त, थेंब मोज.

लुबोर


१९ मे

दाजी, नमस्कार!

पत्र मिळालं. सॉसेजवरून मारलेला टोमणाही मिळाला. बत्तीस वर्षं बस चालवली, एकही प्रवासी हरवला नाही, आणि तुम्ही मला थेंब मोजायला शिकवताय!

मोजले. नळाच्या पाण्याला एकोणीस. पहिल्यांदा बावीस आले होते, कारण मधेच शेजारची बाई दार वाजवून गेली. मग परत मोजले. ती नळी हलवताना तुमचा कारखान्यात लेथवर व्हायचा तसा चेहरा आपोआप होतो, हे माझ्या लक्षात आलं. तांबड्याचं हिरवं झालं तेव्हा खरं सांगतो, मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

थोरले मासे माझ्यापेक्षा चांगलं जेवतात. पिल्लं लाजाळू दिसतात. अंधारासाठी तुम्ही टाकीला लावलेला कागद जरासा उचलून बघितलं तर पाच-सहा दिसली, बाकीची बहुतेक झाडपाल्यात असतील. तुमच्यावर गेलीत, माणूस आला की लपायचं.

इकडे पाऊस नाही. बर्फाचे तिन्ही संत आणि त्यांच्यामागून सोफीबाई येऊन गेल्या, म्हणजे कॅलेंडरातली शेवटची थंडी सरली, तेव्हा पंधरा तारखेनंतर मी टोमॅटो लावले. ऊन असं पडलंय की माती तडकलीय, पण टोमॅटोंनी मात्र झक्कास मूळ धरलंय. बघत राहावंसं वाटतं.

तुम्ही पोहत राहा.

आर्नोश्त


२४ मे

आर्नोश्त,

एकोणीस बरोबर आहेत. उन्हाळ्यात एकानं चढतं. मी तुला उगाच बोललो. पावसाशिवाय टोमॅटोंनी मूळ धरलं म्हणजे तुझ्या हातालाही गुण आहे म्हणायचा.

इथल्या झऱ्याचं पाणी आम्हाला चोचीच्या पेल्यातून पाजतात. चव अशी, की कुणीतरी त्यात खिळे उकळले असावेत. थेंबांची दुसरी बाटली मी बरोबर आणलीच होती. काल जेवणाच्या टेबलावर मोजायला बसलो. तीस थेंब झाले तरी तांबडं ते तांबडंच! भोवती सहा म्हाताऱ्या जमल्या, एक तर पैज लावायला निघाली. मग नर्स आली आणि तिनं बाटली जप्त केली. जाताना मिळेल म्हणे.

आता पुढचं काम. पिल्लं महिन्याची झाली. त्यांना जरा कणखर करायला हवं, जन्मभर लाडात राहून चालत नाही. सोमवारी दहाची एक बादली भरून घे. घरात आणून दोन दिवस उघडी ठेव. वास पूर्ण उडू दे, गारपणा जाऊ दे, अधूनमधून पळीनं ढवळ. मग पहिल्या दिवशी एक चमचा दे, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढवत चढवत आठवड्यानं पेल्यावर ये. एकदम ओतलंस तर त्यांना झेपायचं नाही. बादली संपली की दुसरी.

यित्का दहा जूनला येतेय. कागद घेऊन.

लुबोर


२८ मे

दाजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा उभ्यानं वाचलं.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी, की माशांना बिअर पाजायची म्हणजे माणसाचं डोकं झऱ्याच्या पाण्यानं फिरलं. मग मी शांतपणे विचार केला. आजी बिअरनं केस धुवायची. बस डेपोतला एक ड्रायव्हर आपल्या कबुतरांना रविवारची बिअर पाजायचा आणि ती कबुतरं बक्षिसं आणायची. मग माशांनी काय घोडं मारलंय? आणि तुम्ही दहा अंशांची हलकी सांगितली, बाराची कडक नाही, म्हणजे लेकरांचा विचार केलेला दिसतो. दहाची मी रोज पितो, मला काय झालंय?

तर आज, सोमवारी, आपल्या पुलाजवळच्या बिअरच्या भट्टीवर जाऊन दहाची एक बादली भरून घेतली. बादली नवीन, धुतलेली. रस्त्यानं लोक माझ्याकडे आदरानं बघत होते. घरात आणून टाकीशेजारी ठेवली.

पण दाजी, पुढचं माझ्याच्यानं झालं नाही. उघडी ठेवायची! दोन दिवस! पळीनं ढवळायची! पहिला तासभर मी तोंड फिरवून बसलो. फेस खाली बसत चालला होता. वरच्या मजल्यावरचा प्रोकोप साखर मागायला आला, त्यानं बादली बघितली, मी सगळं सांगितलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बिअर शिळी करायची म्हणजे आपल्याकडे पाप समजतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. थोडक्यात, ती बादली माशांपर्यंत पोहोचली नाही.

उद्या दुसरी आणतो. या वेळी प्रोकोपला कळू देणार नाही. ती मी न्हाणीघरात कुलूप लावून ठेवीन आणि गुरुवारपासून चमचा सुरू.

एक शंका. चमचा चहाचा की सूपचा?

आर्नोश्त


३० मे (जलद टपाल)

गाढवा! पाणी! दहा थेंबांचं पाणी! नळाचं शिळं अर्धं आणि पिंपातलं अर्धं, म्हणजे दहा!

एक थेंबही घालू नकोस. घातला असशील तर सगळं पाणी बदल. नर्सचा फोन मागून तुला लावला होता. तू काहीतरी बोललास, मला फक्त 'झोरा' ऐकू आलं. झोरा कोण?

लु.


१ जून

दाजी,

बिअरचा एक थेंबही पडलेला नाही. ताईची शपथ. आता बसा, दम घ्या, आणि ऐका.

दुसरी बादली घेऊन मी भट्टीवर गेलो, तर या वेळी काउंटरवर पोऱ्या नव्हता, स्वतः भट्टीची मालकीण होती. झोरा. रबरी बूट, दंड माझ्या मांडीएवढे, वय पस्तीसच्या आत. म्हणाली, "आजोबा, काल एक बादली, आज एक बादली. घरी लग्न आहे का?"

मी म्हटलं, "माशांसाठी आहे."

"तळायला?"

"पाजायला."

दाजी, भट्टीतली सगळी माणसं हसली, ती एकटी हसली नाही. तिनं विचारलं, "कुठले मासे?" मी म्हटलं, "निऑन. निळी-तांबडी रेघ असते ते. पिल्लं आहेत." मग तिनं तुमचं पत्र मागितलं. माझ्या खिशातच होतं. बुटांनी ताल धरत तिनं ते वाचलं आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या दाजींना बिअर नकोय हो, पाणी हवंय. पाण्यालाही अंश असतात. आम्ही पण पाणी आधी मोजतो, मगच बिअर करतो."

मी लाल झालो. तांबडा, एकोणीस थेंबांचा. "मग सरळ पाणी लिहायला काय झालं होतं?" म्हटलं. तर म्हणाली, "जे रात्रंदिवस पाण्यात असतात ते पाण्याला पाणी म्हणत नाहीत. मी पण दहा म्हणते तेव्हा बिअर म्हणत नाही."

तिच्याकडे भट्टीच्या मागं एक यंत्र आहे. वापेन्काचा चुना असलेल्या पाण्यात हलकी बिअर होत नाही, म्हणून नळाचं पाणी एका बारीक पडद्यातून दाबून काढतात. चुना, क्लोरिन, सगळं मागं राहतं. तिनं तुमच्यासारखीच बाटली काढली आणि माझ्यासमोर मोजलं. एका थेंबात हिरवं! मी पिंपातलं पाणीसुद्धा एवढं हलकं बघितलं नव्हतं.

आता पिंपाचं सांगायची वेळ आलीच आहे तर सांगतो. पिंप रिकामं आहे. टोमॅटोंना घातलं. सोळा तारखेला सुरुवात केली आणि अठराला तळ दिसला. वाटलं, पाऊस येईल. आला नाही. माझ्या हाताला कसलाही गुण नाही, तो पावसाच्या पाण्याचा होता. शिव्या पुढच्या पत्रात एकत्र द्या.

झोरानं दोन बादल्या हलकं पाणी दिलं आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "मासे बघायला येईन, तेवढं पुरे." आली पण. गुडघ्यावर बसून अर्धा तास टाकीत बघत होती. आम्ही मिळून दहाचं केलं. मी मोजलं, तिनं मोजलं, दोघांचे दहा. चमचा चहाचा घेतलाय.

आर्नोश्त


५ जून

आर्नोश्त,

शिव्या मी तोंडी देईन, त्यांना कागद पुरणार नाही. तुझं पत्र मी टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं. सहाही म्हाताऱ्या तुझ्या बाजूच्या निघाल्या. जिनं पैज लावली होती ती विचारत होती, तुझं लग्न झालंय का. मी म्हटलं, बसशी झालं होतं.

हसून झालं. आता एक विचारतो. पिंप अठराला संपलं आणि झोराचं पाणी तुला तीसच्या सुमारास मिळालं. मधले बारा दिवस पिल्लांना काय घातलंस?

तुझी तिन्ही पत्रं समोर मांडून बसलोय. त्यांत टोमॅटो आहेत, कबुतरं आहेत, झोराचे दंड आहेत. पिल्लं किती राहिली, ते कुठेच नाही.

रविवारी यित्का येतेय. त्याआधी मला आकडा हवा. खरा आकडा कळव. मी तुझ्यावर चिडणार नाही, पण खोट्या आकड्यावर मी पोरीशी बोलणार नाही.

लुबोर


७ जून

दाजी,

अकरा.

मोजायला झोराला बोलावलं होतं, म्हणजे माझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवायला नको. कागद काढला, दिवा लावला, झाडपाला एक एक करून बाहेर घेतला. तिचे अकरा, माझे अकरा. परत मोजले, परत अकरा.

त्या बारा दिवसांत मी नळाचं पाणी घातलं. नुसतं, शिळं करून. मोजलं तेव्हा एकोणीस आलं होतं, म्हणजे मला माहीत होतं. तरी घातलं. कारण पिंप संपल्याचं तुम्हाला सांगायला मला तोंड नव्हतं. वाटायचं, आज पाऊस येईल, आज येईल. चौथ्या दिवशी एक पिल्लू पालथं दिसलं. मग आणखी दोन. एवढीच मेलेली दिसली, तीन. बाकीची शेहेचाळीस कुठं गेली ते देवाला ठाऊक. मी फिल्टरचा स्पंज पिळून बघितला. गालिच्यावर रांगलो. टाकीमागची भिंत भिंग लावून बघितली. प्रोकोपच्या मांजरीवर आळ घेतला आणि मग तिची माफी मागितली. एवढेसे जीव, विरघळले असतील.

तुमची पत्रं आली की आधी खिडकीत बसून रडायचो आणि मग तुम्हाला विनोद लिहायचो. बिअरची बादली आणली ना, तेव्हा खरं कारण हे होतं की मला वाटलं, दाजींना कळलंय. दहाची म्हणजे काहीतरी शेवटचं औषध असेल, त्यानं उरलेली वाचतील. म्हणून शंका न घेता गेलो.

आता करार. निम्मी म्हणजे तीस, आणि आहेत अकरा. करार तुम्ही हरलात आणि तो मी हरवलाय. कागदावर सही करा, मी काही बोलणार नाही. बोलायचा हक्क मी टोमॅटोंना घातला.

पण दाजी, एकदाच लिहितो. जाऊ नका. तुम्ही वर नसाल तर खाली मी काय करू? ताई गेली तेव्हा तुमच्या टाकीचा आवाज छतातून ऐकू यायचा, बुडबुड बुडबुड. तो येतोय तोवर मला झोप लागते. बादल्या मी उचलीन. पाणी मी मोजीन. झोराकडून मी आणीन. तुम्ही खुर्चीत बसून नुसते शिव्या द्या.

अकरांच्या अकरांवर निळी रेघ उमटलीय. काल संध्याकाळी पहिल्यांदा दिसली. हे तुम्हाला सांगायचं होतं.

आर्नोश्त


१० जून, रविवार

आर्नोश्त,

तुझं पत्र काल दुपारी आलं. वाचून मी जेवायला गेलो नाही. म्हाताऱ्यांना वाटलं खुबा दुखतोय.

आता माझं ऐक, आणि तू बसलेला असशील तर उभा राहा.

साठ पिल्लं कधीच नव्हती.

त्या वयाची पिल्लं कुणाला मोजता येत नाहीत. काचेचा तुकडा पाण्यात पोहत असावा, तशी दिसतात. निघण्याच्या आदल्या दिवशी मी तासभर भिंग लावून बसलो होतो. चौदा दिसली. परत मोजली, चौदाच. त्या संध्याकाळी यित्कानं विचारलं, "बाबा, एवढं कशासाठी अडून बसलात, आहेत तरी किती?" चौदा माशांसाठी बाप घर अडवून बसलाय असं तिला सांगायला मला लाज वाटली. तोंडातून साठ गेलं. मग करार झाला, आणि मग ते साठ मला तुलाही लिहावे लागले. मोजून साठ! चाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसानं लिहिलं हे. आकडा चुकला की मासा मेला, असं तुला ऐकवून वर हे केलं.

म्हणजे तू तीन मारलीस. शेहेचाळीस मी मारली, आणि ती जन्मलीच नव्हती. त्यांच्यासाठी तू गालिच्यावर रांगलास. आर्नोश्त, मला माफ कर. एकोणीसच्या पाण्यात बारा दिवस काढून चौदातली अकरा टिकली, हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. हेडविकाच्याही नाही.

आज सकाळी यित्का आली. कागद टेबलावर ठेवले, पेन ठेवलं. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या, माझे साठ आणि तुझं पिंप. तुझं पत्र वाचायला दिलं. शेवटचं पान तिनं परत पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाली, "मामाला बादल्या झेपतील?" मी म्हटलं, "त्याला झेपतात. एक तर भट्टीपासून घरापर्यंत न सांडता आणली." तिनं नाक पुसलं आणि कागद परत पिशवीत टाकले. म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा विचारीन. मी म्हटलं, विचार.

मी शनिवारी दुपारच्या बसनं येतोय. स्टँडवर ये. पिशवी तू घे, कुबड्या मी घेतो.

निघताना पोरीनं दारातून वळून विचारलं, "बाबा, खरं सांगा, मग त्या घरात शेवटी जगले किती?"

मी सांगितलं, "तेरा. आम्हा दोघांना धरून."

लुबोर